तेवतोय

रेश्मा भगरीचं ताट घेऊन देवळाच्या पायऱ्या चढली आणि शेवटच्या पायरीवर थांबली. एक हात कमरेवर, एक ताटाखाली. सातवा महिना भरत आला होता. आत रंगूबाई समईच्या वातीची काजळी काढत होती. सुनेच्या धापेवरूनच तिनं ओळखलं.

"तुला कुनी सांगितलं वर चढायला? खालून हाक मारायची न्हाई का?"

"हाक मारून काय व्हनार, आत्या? तुमी दिवा सोडून खाली येनार का?" रेश्मा म्हणाली आणि खांबाला टेकून बसली.

तेही खरंच होतं. नवरात्राचे नऊ दिवस रंगूबाई दिवसउजेडी समईपासून हलत नसे. सूर्य मावळून आरती झाली की सत्यशीला यायची आणि रात्रभर ती बसायची. सत्यशीला म्हणजे शेजारच्या घरातली चाळिशीची विधवा. पण ती मदतीची. दिव्याचा मान रंगूबाईचा. सासू गेल्यावर तो तिच्याकडे आला, त्याला अकरा वर्षं झाली होती.

पाथर्डीच्या पूर्वेला गर्भगिरीच्या उतारावर बोरमाळ हे साठेक घरांचं गाव. त्यातली चाळीस घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. गावाची लाईट येते-जाते, बॅटरी चमकते, चूल पेटते, पाचट जळतं, काजवे लुकलुकतात. तेवतो मात्र एकटा दिवाच. आणि तोही कुठला तरी आपोआप उजेड देणारा दिवा नव्हे. कुणीतरी तेल घालायचं, वात सारायची, वारं सुटलं की पदर आडवा धरायचा, तेव्हा कुठं बोरमाळात त्या उजेडाला तेवणं म्हणतात. म्हणून तर अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची चौकशी केली आणि लेकीसुना तिचं सगळं करत असल्या, तर उत्तर येतं, "तेवतीय." जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही अशा म्हातारीबद्दल हा शब्द कुणी वापरला, तर ऐकणारा तोंडावर पदर घेऊन हसेल. शिकल्यासवरल्या माणसांनी कोशात 'मंद, स्थिर उजेड देणे' असं काहीतरी लिहिलं असेल. ते चूक नाही. फक्त त्यात रंगूबाईचा पदर आलेला नाही.

रोज संध्याकाळी आरती झाली की गावातले सगळ्यात वडीलधारे बिभीषणआण्णा सगळ्यांसमक्ष विचारायचे, "दिवा?" आणि रंगूबाई उभी राहून म्हणायची, "तेवतोय." एवढाच शब्द. पण तो ऐकण्यासाठी बायका भाकरी तव्यावर टाकून येत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आले की जाणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला रंगूबाई समईतलं तेल लावी आणि तोच शब्द पुन्हा म्हणे. त्या एका शब्दावर माणसं पोरंबाळं, शेळ्या, पत्रे आणि भांडी घेऊन परक्या मुलखात सहा महिने राहायला जात. ज्या बाईकडे दिवा असेल तिनं गावाची शीव ओलांडून तोडीला जायचं नाही, असा नेम होता. अकरा वर्षांत रंगूबाईनं कोयता हातात धरला नव्हता.

त्याआधी मात्र वीस वर्षं धरला होता. तिची पहिली पोर फडातच झाली होती, दिवस उगवायच्या आधी, उसाच्या सरीत. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला तिथंच बांधाच्या कडेला ठेवून रंगूबाई पाचव्या दिवशी मोळ्या बांधायला उभी राहिली. त्याविषयी ती कुणाशी बोलत नसे. कल्याण झाला तेव्हा मात्र तिनं सासूचे पाय धरले होते आणि त्या वर्षी ती गावातच राहिली होती. आता तोच कल्याण आपल्या बायकोला घेऊन तीन दिवसांनी ट्रकमध्ये चढणार होता.

"काल मी बोलले त्याच्याशी," रंगूबाई म्हणाली. "दवाखान्याची आशाताई पन म्हनली, हिला हलवू नका."

"ते काय म्हनले?"

रंगूबाईनं ताट जवळ ओढलं. कल्याण काय म्हणाला ते सुनेला सांगण्यासारखं नव्हतं. तो चिडला नव्हता, तेच वाईट. मान खाली घालून म्हणाला होता, "आई, मला कळत न्हाई का? पन एकट्या गड्याला मुकादम घेतो का? नवराबायकू मिळून एक कोयता. अर्धा कोयता म्हंजी काय, नुसता दांडा. चार गावं फिरलो, जोडीला कुनी मिळंना. न्हाई गेलो तर तिचं बाळंतपन कशावर करायचं?"

रेश्मानंच मग तिला समजावलं. "आत्या, तुमी जिवाला लावून घिऊ नका. दिवा तेवतोय न्हवं? काय हुत न्हाई मला." आणि ती खरंच हसली. पंचविशीच्या पोरीचं ते निवांत हसणं रंगूबाईला बघवेना.

रेश्मा पायऱ्या उतरून गेली. अष्टमीची दुपार होती. देवळात कुणी नव्हतं. तेलाची बुधली रंगूबाईच्या मांडीशी होती आणि समईतलं तेल खाली गेलं होतं.

तो विचार तिच्या मनात कसा आला हे तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. दिवा तेवत नसेल तर? मग कोण चढेल ट्रकमध्ये? चार दिवस तरी थांबतील, आठ दिवस थांबतील. रेश्मा तर पाऊल टाकणार नाही. संध्याकाळी आण्णांनी विचारलं की फक्त "न्हाई" म्हणायचं. पण देवीसमोर बसून खोटं बोलायला तिची जीभ वळेना. अकरा वर्षांत तिनं त्या प्रश्नाला एकदाही खोटं उत्तर दिलं नव्हतं. आणि मग खोटं बोलायचं नाही म्हणून त्या भोळ्या, हट्टी बाईनं ते खरं करायचं ठरवलं. तिनं बुधली हातात घेतली आणि तशीच धरून बसली.

ज्योत आधी उंच झाली. मग निळसर होऊन वातीशी चिकटली. रंगूबाईचा हात दोनदा बुधलीच्या बुचाकडे गेला, दोनदा तिनं तो मागे घेतला. वातीनं शेवटचं तेल ओढताना बारीक तडतड केली. धुराची एक रेघ वर गेली आणि देवीच्या मुखवट्यावरचा उजेड गेला. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी गाभाऱ्यात तिला काही दिसेना. "आई, मला माफ कर," ती म्हणाली. ते ती देवीला म्हणाली, की बांधाच्या कडेला ठेवलेल्या पोरीला, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी देऊळ भरलं. समई विझलेली पाहून पुढच्या बायका थबकल्या, कुजबुज सुरू झाली. आरती कुणालाच नीट म्हणता आली नाही. बिभीषणआण्णांना मोतीबिंदू झालेला. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "दिवा?"

रंगूबाई उभी राहिली. "न्हाई तेवत, आण्णा. दुपारी गेला."

एकदम सगळे बोलायला लागले. आण्णांनी काठी आपटून विचारलं, "वारं हुतं का? उंदरानं वात वढली का?" रंगूबाईनं नकारार्थी मान हलवली. आणखी काही बोलायची गरजच नव्हती, कारण रंगूबाईचं बोलणं म्हणजे बोरमाळात दगडावरची रेघ. ती झोपली असेल, तिच्या हातून चुकलं असेल, अशी शंकाही कुणाच्या मनात आली नाही. ज्याअर्थी रंगूबाई बसलेली असताना दिवा गेला, त्याअर्थी तो देवीनंच नेला.

मुकादम आबासाहेब दाराशी उभा होता. तो याच गावचा. वाईट माणूस नव्हता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"बायांनो, मला बी भ्या वाटतंया," तो म्हणाला. "पन ट्रक दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी येनार. कारखान्याचा बॉयलर पेटला की तो कुनासाठी थांबत न्हाई. आपुन न्हाई गेलो तर दुसरी टोळी उभीच हाय. जायाचं तर हायच."

रंगूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. इतकी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. करायला गेली एक आणि झालं भलतंच. माणसं तर जाणारच होती. दिवा तेवत असताना ती धीरानं गेली असती, आता भीत भीत जाणार होती. पूजा नावाची सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेली पोर, कडेवर चार महिन्यांचं लेकरू, तिच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मावशी, कुनाच्या घरावर हाय वं हे? आमच्या तर न्हाई ना?"

सत्यशीलानं नवी वात घालून समई पुन्हा लावली. उजेड पडला, पण त्याला तेवणं म्हणायला कुणी तयार नव्हतं.

घरी आल्यावर रेश्मा जेवली नाही. सकाळी नवमीचा नैवेद्य झाला तरी तिनं घोटभर चहासुद्धा घेतला नाही. जायचं गाठोडं बांधून झालं होतं आणि त्याच्या शेजारीच ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. सत्यशीलाला समईपाशी बसवून रंगूबाई घरी आली आणि दुधाचा पेला घेऊन जवळ बसली.

"घे गं दोन घोट. पोटातल्यासाठी तरी घे."

"त्याचाच दिवा गेला, आत्या," रेश्मा म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मला रातीपासून कळलंय. टोळीत दुसरं कुनी पोटुशी हाय का? मीच हाय. काल रातीपासून ते हललं बी न्हाई."

"हलंल. लेकरं निजत्यात कदी कदी."

"तुमची बी निजली हुती का?"

फडातल्या त्या पोरीची गोष्ट रेश्माला कुणी सांगितली होती कोण जाणे. पण तिच्या तोंडून ती ऐकल्यावर रंगूबाईला बसवेना. जिला वाचवायचं म्हणून दिवा घालवला, तिच्याच काळजात आपण अंधार केला. दिव्याखालीच अंधार म्हणतात तो हाच. ती उठली. "दूध पी," एवढंच म्हणाली आणि पदर डोक्यावर घेऊन थेट देवळाकडे निघाली.

संध्याकाळच्या आरतीला कालच्यापेक्षा जास्त माणसं होती. भ्यालेली माणसं घरात बसत नाहीत. आरती संपली आणि बिभीषणआण्णा गप्पच राहिले. काय विचारावं, त्यांना कळेना. तेव्हा रंगूबाई आपणहून पुढे झाली.

"आण्णा, इचारा मला."

"काय इचारू, रंगू?"

"काल दिवा कसा गेला ते इचारा." ती लोकांकडे वळली. "देवीनं न्हाई न्हेला. मी घालवला. तेलाची बुधली माज्या हातात हुती आन मी घातलं न्हाई. बघत बसले. सून जाऊ ने म्हनून केलं. कुनाच्याबी घरावर काय न्हाई. पूजा, तुज्या लेकरावर काय न्हाई, बाई. जे काय हाय ते माज्यावर हाय."

कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं. पूजानं लेकराला छातीशी धरलं आणि ती भोकांड पसरून रडायला लागली, सुटल्यासारखी. कल्याण खांबाजवळ उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बायकांच्या गर्दीतून वाट काढत रेश्मा पुढे आली होती. तिला कुणी बोलावून आणलं हे रंगूबाईला ठाऊक नव्हतं. ती सासूकडे बघत होती आणि तिचा हात पोटावर होता.

बिभीषणआण्णा म्हणाले, "चाळीस घरांनी तुज्या शबुदावर इस्वास ठिवला, रंगू. माज्या आईनं तुज्या सासूला हा मान देताना म्या बघितलंय. तुला आसं कसं करवलं?"

"करवलं, आण्णा. खोटं कशाला बोलू."

"मान गेला तुजा."

"व्हय."

"सत्यशीला, पुढं ये."

सत्यशीला यायला तयार होईना. दोघी अकरा नवरात्रं एका दिव्याला बसल्या होत्या, एकमेकींचं दुखणंखुपणं त्या समईच्या उजेडात ऐकलं होतं. रंगूबाईनंच तिचा हात धरून तिला समईपाशी बसवलं आणि हळूच म्हणाली, "डाव्या बाजूची वात जरा जाड वळ. तिकडून वारं येतं." मग ती सगळ्यांच्या मागे, दाराजवळ जाऊन उभी राहिली. अकरा वर्षांत तिनं देऊळ त्या जागेवरून पाहिलं नव्हतं. मान गेल्याचं दुःख तिला झालं, फार झालं, पण रेश्मा तिथंच उभ्या उभ्या कुणाच्या तरी हातून प्रसादाचा शिरा घेऊन खात होती, तेही तिनं पाहिलं.

आबासाहेब बाहेर चपला शोधत होता. रंगूबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मुकादम, आता मला शिवेचा नेम न्हाई. कल्याणच्या कोयत्याला जोडी मी."

आबासाहेबानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मावशी, साठीला आलात तुमी. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढायचं आसतं. तुमचं गुडघं..."

"गुडघं माजं हायत. मी बघीन त्यांच्याकडं."

"आई, न्हाई," कल्याण मागून म्हणाला. "मी न्हेनार न्हाई तुला."

"मग काय सातव्या महिन्याचीला न्हेतोस?" ती वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "हिची आई यिऊन ऱ्हाईल हिच्यापाशी. सत्यशीला हाय. पाथर्डीचा दवाखाना हाय. फडात काय आसतं ते मला सांगू नको, कल्याण. मी तिथं काय ठिवून आलेय ते तुला ठावं न्हाई."

कल्याणला ते ठाऊक होतं, पण आईनं ते आज पहिल्यांदा उघड म्हटलं होतं. आबासाहेबानं चपला पायात सरकवल्या. "पंधरा दिवस बघू," तो म्हणाला, आणि ते हो म्हटल्यासारखंच होतं.

दसऱ्याला कुणी रंगूबाईला सोनं द्यायला आलं नाही. पूजा तेवढी आली, लेकराच्या मुठीत आपट्याचं पान देऊन. रंगूबाईनं ते पान घेतलं आणि लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दोन ट्रक वेशीपाशी लागले. सत्यशीला समईतलं तेल वाटीत घेऊन उभी होती आणि एकेकाच्या कपाळाला लावत "तेवतोय" म्हणत होती. तिचा आवाज पहिल्या दिवशी असतो तसा दबका होता. रंगूबाई रांगेत सगळ्यात शेवटी उभी राहिली. तिची पाळी आली तशी सत्यशीलाच्या डोळ्यांतून पाणी आलं. रंगूबाईनं मान खाली केली, तेल लावून घेतलं आणि इतरांसारखीच फळी धरून वर चढली. रेश्मा खाली उभी होती. रडून तिचं नाक लाल झालं होतं, पण ट्रक वळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

फड नदीकाठच्या काळ्या जमिनीत होता. पहिला दिवस राहायची झोपडी, म्हणजे कोपी, उभारण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला कल्याण उसाला भिडला आणि त्याच्यामागून रंगूबाई पाचट सोलत, मोळ्या बांधत निघाली. हाताला सवय होती, पाठीला नव्हती. तासाभरात तिच्या बोटांना पानांनी चिरा पाडल्या. दोन मोळ्या बांधून तिसरीला वाकताना तिच्या तोंडून बारीक 'आई' असं निघून गेलं. ऐकू जाणार नाही असं तिला वाटलं होतं.

पुढे कोयत्याचा आवाज मंद झाला. मघा दोन घावांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती, आता जागा पडायला लागली होती. कल्याण मागे वळून बघत नव्हता. एकेक ऊस मुद्दाम सावकाश बुडातून तोडत होता, जणू त्याला आज कसली घाईच नाही. बाजूची जोडी त्याच्या चार हात पुढे निघून गेली.

रंगूबाईच्या ते ध्यानात आलं. तिनं पदर खोचला, उसाच्या शेंड्याच्या पानांचा, वाढ्याचा बंद आवळून गाठ मारली आणि मोळी बाजूला सारली.

"तोड की नीट," ती म्हणाली. "मी हाय मागं."